कुंडीतल्या अननसाचे महिने नका मोजू, पानं मोजा

नेरूळहून एका ताईंनी विचारलं आहे: सहाव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारी बारा-साडेबारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन असतं. दोन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेल्या दोन अननसांचे शेंडे आठ इंची कुंड्यांत लावले. एक यंदाच्या ऑगस्टमध्ये गेला. मधलं पान ओढलं तर अलगद हातात आलं आणि बुडाला कुजका वास होता. दुसरा हिरवागार आहे, बावीस-तेवीस पानं आहेत, सगळ्यात लांब पान दीड फुटाचं, पण फुलाचं नाव नाही. शेजारचे काका म्हणतात नर-मादी जोडी लागते. माळी म्हणतो मध्ये कार्बाईडचा खडा टाका, लगेच फूल धरेल. काय करावं?

ताई, काका आणि माळी दोघांनाही जरा थांबवून ठेवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय: आठ इंची कुंडी आणि बावीस-तेवीस पानं. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, वीसेक वर्षं लोकांच्या गच्च्या आणि बाल्कन्या बघायचं काम करतो. अननसाची कुंडी पुढे ओढून 'दोन वर्षं झाली हो' म्हणणारं कुणी ना कुणी दर मोसमात भेटतंच. सगळीकडे वाचायला मिळतं की शेंडा लावला की अठरा ते चोवीस महिन्यांत फूल येतं. ते खरं आहे, पण शेतातल्या अननसाचं, जिथे मुळांना हवी तेवढी जागा असते. झाडाला कॅलेंडर कळत नाही. अंगात एका फळाला पुरेल इतका साठा झाला की ते फुलतं, नाहीतर बसून राहतं.

हा साठा मोजायची शेतकऱ्याची एक साधी रीत आहे. हातात जाड मोजे घाला (बाजारात येणारे बहुतेक अननस केरळचे मॉरिशस जातीचे, त्यांच्या पानांना करवतीसारखे काटे असतात), सगळी पानं दोन्ही हातांनी गोळा करून आंब्याच्या पेटीतलं गवत कवटाळावं तशी वर धरा. जे पान सगळ्यांत उंच जाईल ते झाडाचं मापाचं पान. अननसवाले त्याला 'डी' पान म्हणतात. कुंडीतल्या झाडाचं हे पान निदान दोन-सव्वादोन फूट हवं, आणि जिवंत पानं पस्तीस ते चाळीस. तुमचं झाड दीड फुटाचं आणि बावीस पानांचं, म्हणजे अजून शाळेत आहे. त्याला आज जबरदस्तीने फुलवलंत तर फुलेल, नाही असं नाही, पण फळ येईल पेरूएवढं. आणि एका झाडाला आयुष्यात एकदाच फळ येतं, त्यामुळे ती संधी पेरूवर घालवायची की किलोभर अननसावर, हे तुम्ही ठरवा.

माझं मत विचाराल तर या दिवाळीला सोडून द्या. पुढच्या दिवाळीची तयारी आत्तापासून करा.

पहिलं काम कुंडी. चौदा ते सोळा इंच तोंडाची, खोली एक फूट पुरे. अननसाची मुळं खोल जात नाहीत, वरच्या वीत-दीड वितीत पसरतात, म्हणून उंच ड्रमपेक्षा पसरट कुंडी बरी. रंगाची वीस लिटरची बादली चालते, पण तळाला चार-पाच आणि बाजूला अगदी बुडाशी आणखी तीन-चार भोकं पाडा, बोट जाईल एवढी. झाड मोठं झालं की तीन-साडेतीन फूट घेर धरतं, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका. आमच्या एका ओळखीच्या आजोबांच्या लेंग्याला त्याने असा हिसका दिला की त्यांनी पुढे त्या बाल्कनीत पाऊल टाकलं नाही.

माती हा विषय जरा सावकाश सांगतो, कारण ठाणे-नवी मुंबईत गडबड इथेच होते. अननसाला आंबट माती लागते. सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साडेचार ते साडेपाच उत्तम, सहापर्यंत ठीक. कोकणातली जांभ्याची लाल माती त्याला मानवते, आणि सावंतवाडीकडे आमच्या गावी परसाच्या बांधावर कुणी लक्षही न देता अननस वाढतात ते त्यामुळेच. गुरं शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण, वर फळ फुकट. इथे शहरात मात्र माती मिळते ती कुठल्यातरी बांधकामाच्या खड्ड्यातली. त्यात सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे असतात, आणि चुना हा अननसाचा शत्रू. सामू वर गेला की झाडाला लोह मिळत नाही, पानं फिकट पिवळी पडतात आणि आपण खत वाढवत बसतो. दुसरी चूक खाडीच्या रेतीची. ती खारट असते. नदीची रेती मिळत नसेल तर बांधकामावरची जाड क्रश सँड आणा, दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि ती वापरा. कोकोपीटही धुतल्याशिवाय घेऊ नका, त्यातही क्षार असतात. बादलीत भिजवून पिळून काढायचं, दोनदा.

माझं मिश्रण असं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट, एक घमेलं जाड रेती आणि अर्धं घमेलं गांडूळखत. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा राहिला पण बोटाने टोचल्यावर भुसभुशीत सुटला तर जमलं. लाडूसारखा घट्ट राहिला तर आणखी रेती घाला. तळाला विटांचे तुकडे भरायची गरज नाही, भोकांवर एक-एक खापरी ठेवली की झालं. देवघरातली किंवा होमाची राख, चुलीची राख, अंड्याची टरफलं यांपैकी काहीही यात घालू नका. बाकी झाडांना घाला, हे झाड त्याला अपवाद.

आता माझी स्वतःची गोष्ट. सुरुवातीला मी अननस लावले तेव्हा 'खत जास्त तर फळ मोठं' या हिशेबाने निम्मी काळी माती आणि निम्मं शेणखत घातलं होतं, बादलीला भोक एकच. मे महिन्यापर्यंत झाडं अशी तरारली की मी लोकांना बोलावून दाखवत होतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चारही झाडांची मधली पानं पिवळट तपकिरी झाली. एक ओढलं, ते लोण्यातून सुरी निघावी तसं बाहेर आलं. पानाच्या पांढऱ्या बुडाला तपकिरी कडेची मऊ, चिकट कूज होती आणि वास नाकात दोन दिवस राहिला. ऑगस्टमध्ये तुम्ही पाहिलंत ते हेच. याला गाभेकूज म्हणतात. पाणी साचलेल्या मातीत वाढणारी फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी एक जात गाभ्यात शिरते. ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे तिला इथे आमंत्रण द्यावं लागत नाही.

मोठा गैरसमज इथेच असतो. अननस भरपूर रस असलेलं फळ, म्हणून लोक झाडाला पाणी ओततात. झाड मात्र कोरड्या हवेत जगायला शिकलेलं आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवा घेतात, अननस दिवसा ती मिटून ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडतो, म्हणजे पाणी कमी उडतं. निवडुंगाची हीच तऱ्हा. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा, हिवाळ्यात एकदा पाणी पुरतं. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय देऊच नका. चार दिवस विसरलात तर काही बिघडत नाही. चार दिवस साचलं तर बिघडतं. कुंडीखाली थाळी ठेवत असाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात काढून घ्या, कुंडी दोन विटांवर चढवा, आणि संततधार लागली की भिंतीकडे सरकवा. गच्चीवर सरकवायला जागा नसेल तर एका बाजूला विटेचा तुकडा घालून कुंडी किंचित कलती ठेवायची. गाभ्यातलं पाणी आपोआप सांडतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट, जिच्याकडे अननसवाल्यांचं लक्ष जात नाही. पानांच्या बेचक्यांत पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासाला एवढं स्वच्छ पाणी पुरतं. आठवड्यातून एकदा पाईपच्या जोरदार धारेने प्रत्येक बेचकं धुऊन काढा. पालिकेची माणसं तपासायला आली आणि कुंडीत अळ्या निघाल्या तर सोसायटीत तोंड दाखवणं कठीण होतं.

तुमच्या बाल्कनीत ऊन भरपूर आहे, हे तुमचं नशीब. पाच-सहा तास थेट ऊन हा किमान हिशेब. घोडबंदर रोडला समोरासमोर तीस-तीस मजली टॉवर आहेत, तिथे मधल्या मजल्यांना जेमतेम दोन तास ऊन मिळतं. तिथल्या लोकांना मी सरळ सांगतो, शोभेचं झाड म्हणून ठेवा, फळाची आस सोडा. झाड स्वतःच सांगतं: सावलीतलं लांब, अरुंद, गडद हिरवं आणि लोळलेलं; उन्हातलं रुंद, ताठ आणि टोकाला किंचित तांबूस. हा तांबूसपणा रोग नाही. पानाच्या पाठीवरची पांढरट भुकटीही रोग नाही. नखाने ओढलं तर रेघ उमटते, ती झाडाची स्वतःची लव आहे, पाणी धरून ठेवणारी. काहीजण ती फडक्याने पुसतात. पुसू नका.

पांढऱ्यातला धोकादायक प्रकार वेगळा. पानं जिथे खोडाला चिकटतात तिथे कापसाच्या बोंडासारखे पुंजके दिसले आणि कुंडीवर मुंग्यांची रांग असली तर पिठ्या ढेकूण आलाय. मुंग्या त्याला अंगाखांद्यावर घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, कारण तो सोडतो तो गोड चिकटा त्यांना हवा असतो. त्याच्यामुळे विषाणूही पसरतात आणि झाड बाहेरच्या पानांपासून तांबूस पिवळं होत कोमेजत जातं. आधी मुंग्या बंद करा: कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर, थाळीतलं पाणी मात्र रोज बदलायचं. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा साबण घुसळून बेचक्यांत फवारा, संध्याकाळी, दर आठ दिवसांनी तीनदा. तांब्याची बुरशीनाशकं, बोर्डो मिश्रण वगैरे, या झाडावर वापरू नका. बाकी बागेत ती गुणकारी, अननसाच्या कुळाला तांबं सोसत नाही.

खताबाबत फार लिहीत नाही. हे झाड मुळांइतकंच पानांच्या बेचक्यांतून खातं, तिथेही बारीक मुळं असतात. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम युरिया किंवा तीन ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), संध्याकाळी फवारायचं. सेंद्रिय हवं असेल तर गांडूळपाणी दहापट पाण्यात. दीड महिन्याने मूठभर गांडूळखत बुंध्याभोवती. पावसाच्या जोरात फवारणी बंद. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल आणि नवी पानं पिवळी निघत असतील तर दोन-तीन ग्रॅम फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात, चार थेंब लिंबू पिळून, पानांवर. नळाच्या पाण्यावर सहसा ही वेळ येत नाही.

आता तुमच्या झाडाची कुंडी बदलायची कधी? ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पाऊस परतला की लगेच. आधी आठवडाभर पाणी देऊ नका म्हणजे गोळा सुटा निघेल. खालची सुकलेली पानं सोलून काढा. सोललेल्या खोडावर तपकिरी टिपके किंवा बारीक सुतळीसारखी गुंडाळलेली मुळं दिसतील. त्यांना माती मिळायची वाट आहे, म्हणून झाड आधीपेक्षा दोन इंच खोल बसवा. मात्र गाभ्यात मातीचा कणही जाऊ देऊ नका. काटे सांभाळायला सगळी पानं सुतळीने सैल बांधून घ्या आणि गाभ्यावर फडकं टाका, मग माती भरा. पहिलं पाणी देऊन पाच-सहा दिवस हलक्या उन्हात, मग जागेवर. ऑक्टोबरच्या उकाड्यात नव्या मुळांना चांगला जोर येतो.

यंदाच्या थंडीत ते आपणहून फुलेल का? डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की मोठी झाडं स्वतःच फूल धरतात. तुमचं एवढं लहान झाड बहुधा धरणार नाही, आणि नाही धरलं तर आनंद माना. पुढच्या नोव्हेंबरला पानं मोजा. पस्तीस झाली असतील तर मग फुलवायचं.

फुलवण्याचं तंत्र ऐकायला जादू वाटतं. अझोर्स बेटांवर काचघरांत अननस पिकवणाऱ्यांच्या एकोणिसाव्या शतकात लक्षात आलं की आत धूर केला की सगळी झाडं एकदम फुलतात. नंतर कळलं की करामत धुरातल्या इथिलीन वायूची. पिकलेली केळी, सफरचंदं हाच वायू सोडतात. म्हणून घरगुती पद्धत अशी: गाभ्यातलं पाणी कुंडी आडवी करून पूर्ण काढा. दोन चांगली पिकलेली, साल काळपट पडलेली केळी आणि एक सफरचंद पानांखाली मातीवर ठेवा. वरून मोठी प्लास्टिकची पिशवी घालून कुंडीभोवती सुतळीने आवळा. चार दिवस, आणि पूर्ण सावलीत. माझ्या एका ग्राहकाने हे पश्चिमेच्या उन्हात केलं आणि दुपारी तीनला आतलं झाड उकडून निघालं, वर केळ्यांचा हलवा. चार दिवसांनी पिशवी काढा, फळं टाकून द्या, महिनाभर नत्राचं खत बंद.

शेतकरी याच कामाला इथेफॉन वापरतात, म्हणजे झाडात इथिलीन सोडणारं औषध. गाभ्यात ओतायचं प्रमाण २५ पीपीएम (लिटरला २५ मिलिग्रॅम), सोबत दोन टक्के युरिया, झाडामागे ५० मिली. बाजारातल्या ३९ टक्क्यांच्या बाटलीतून हे करायचं तर पंधरा लिटर पाण्याला जेमतेम एक मिली लागतं. दोन कुंड्यांसाठी बाटली घरात आणून, मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आणि माळी म्हणतो ते कार्बाईड? तेही काम करतं. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि झाडाला तो चालतो. पण तो वायू पेट घेतो, खड्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची घाण असू शकते, आणि फळं पिकवायला कार्बाईड वापरण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही. जी वस्तू फळावर नको ती बाल्कनीत का आणायची? केळी स्वस्त आहेत. मुख्य म्हणजे बावीस पानांच्या झाडावर यातलं काहीच करायचं नाही, हे विसरू नका.

पिशवीनंतर महिना-दीड महिना काहीच दिसत नाही. लोक इथे धीर सोडतात आणि पुन्हा पिशवी घालतात. रोज सकाळी गाभ्यात बघत राहा. एक दिवस मधली पानं आखूड होऊन लालसर दिसतील, मग बाहुलीच्या मुठीएवढा लाल गोंडा वर येईल. त्यावर जांभळी निळसर फुलं खालून वर उमलत जातात, प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, आणि हे दोन-तीन आठवडे चालतं. अननसाचा प्रत्येक डोळा म्हणजे यातलं एक फूल. शंभर-दीडशे फुलांची फळं एकमेकांना आणि मधल्या दांड्याला चिकटून एकच फळ झालेलं असतं. सोलताना डोळे तिरप्या ओळीत कापत जातो ना आपण, त्या ओळी फुलं ज्या फिरकीने लागली त्याच.

काकांच्या नर-मादीचं उत्तरही इथेच. जोडी लागत नाही. परागीभवन न होताच फळ धरतं, आणि आपल्याला तेच हवं असतं, कारण परागीभवन झालं तर फळात कडक बिया होतात. फुलांतला मध पिणारा चिमुकला हमिंगबर्ड हे परागीभवन करतो, म्हणून हवाई बेटांवर या भीतीपोटी तो पक्षी आणायलाच मनाई आहे. आपल्या बाल्कनीत शिंजीर, आपल्याकडचा मध पिणारा पक्षी, येईल फुलांवर, येऊ द्या. एकाच जातीची झाडं आपापसांत बी धरत नाहीत.

गोंडा दिसल्यापासून पोटॅशचा जोर हवा. सल्फेट ऑफ पोटॅश पाच ग्रॅम लिटरभर पाण्यात, पंधरा-वीस दिवसांनी मातीत, फुलांवर नको. नोव्हेंबरात पिशवी घातली तर एप्रिल-मेमध्ये फळ तयार होतं आणि हाच मोसम साधायचा, कारण भर पावसात पिकलेला अननस आंबट आणि पाणचट लागतो. एप्रिलचं पश्चिमेचं ऊन मात्र फळाची एक बाजू भाजून काढतं. झाडाचीच तीन-चार पानं वर वळवून फळावर सैल बांधा, किंवा जुन्या वर्तमानपत्राची टोपी. दांडा कलला तर बांबूची काठी. येऊरच्या डोंगराला लागून राहणाऱ्यांना मी काय सांगणार, माकडांना पिकल्याचा वास आपल्याआधी येतो. नेरूळला तुम्हाला खार आणि उंदीर पुरतील. लोखंडी जाळीची टोपली उपडी घाला, नायलॉनची जाळी उंदीर कुरतडतो.

काढायची घाई करू नका. अननस झाडावरून काढल्यावर मऊ होतो, रंग बदलतो, पण गोडी वाढत नाही, कारण केळ्यासारखा स्टार्चचा साठा त्यात नसतो जो पुढे साखर होईल. व्यापाऱ्याला वाशीच्या बाजारापर्यंत पोचवायचा असतो म्हणून तो आधी काढतो. तुम्हाला बाल्कनीतून स्वयंपाकघरात न्यायचाय. खालचे डोळे पिवळे होऊन चपटे झाले, पिवळेपणा निम्म्याच्या वर चढला आणि संध्याकाळी जवळ गेल्यावर वास आला की दांड्यासकट कापा. शेंड्यापासून वाढलेल्या कुंडीतल्या झाडाचं फळ सहाशे ग्रॅम ते एक किलो भरतं. बाजारभावाने हिशेब केलात तर दोन-तीन वर्षांची मेहनत हास्यास्पद आहे, पण असा पूर्ण पिकलेला अननस विकत मिळत नाही. एक सूचना फुकट: तो कच्चा चिरून श्रीखंडात किंवा दुधात घालून ठेवू नका. त्यातलं ब्रोमेलिन दुधातली प्रथिनं तोडतं आणि तासाभरात कडू होतं. साखरेत उकळून घेतलं की ते निकामी होतं.

फळ काढल्यावर झाड टाकायचं नसतं. बुंध्याशी मुनवे, म्हणजे नवी पिल्लं, फुटतात. त्यातले जोमदार एक-दोन ठेवा, बाकी काढा. आईच्या तयार मुळांवर वाढणारा मुनवा वर्ष-सव्वा वर्षातही फळावर येतो, शेंड्यासारखा रखडत नाही. म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी म्हणतो, कुणाकडून मुनवा मिळतोय का आधी बघा. नसेल तर फळवाल्याकडे जा. तो कोयत्याच्या एका घावात शेंडा उडवून टोपलीत टाकतो आणि ती टोपली रात्री कचऱ्यात जाते. त्याला म्हणा, 'दादा, कापू नका, पिळून द्या.' पिळलेला शेंडा बुडाला गर न राहता सुटतो. मधलं पान हलकेच ओढून बघा, सुटलं तर तो शेंडा गेलेला. खालची इंचभर पानं सोला, चार-पाच दिवस सावलीत उलटा ठेवून जखम सुकवा, मग थेट मातीत. ग्लासातल्या पाण्यात ठेवायचा प्रकार फोटोत छान दिसतो, एवढंच. दीड-दोन महिन्यांत मूळ धरतं. रोज हलवून बघितलंत तर धरत नाही.

राहिलं तुमचं मेलेलं झाड. टाकायच्या आधी कुजलेली पानं सगळी उपटून काढा आणि उरलेला बुंधा अंगठ्याने दाबा. मऊ असेल तर मातीसकट पिशवीत बांधून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका. पण कडक लागला तर बाल्कनीच्या कोरड्या कोपऱ्यात कुंडी तशीच राहू द्या, पंधरा दिवस पाणी नको. माझ्या त्या चारातल्या एकाच्या बगलेतून सप्टेंबरअखेर करंगळीएवढा कोंब आला होता. तुमच्याकडेही आला तर तो वीतभर होईपर्यंत हात लावू नका, मग बुडाशी धरून पिळून काढा आणि नव्या मिश्रणात लावा.